प्रति: छोट्या कॉलेजात सीएस
अमेरिकेतल्या छोट्या कॉलेजात विषय कमी म्हणून सीएस (कॉम्प्युटर सायन्स) सोपं जातं असं वरती कोणीतरी लिहिलंय. विषय कमी हे खरं, पण सोपं कुठलं! प्राध्यापक मोजकेच असल्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर असले वरचे विषय बऱ्याच ठिकाणी वर्षाआड शिकवतात, हे इथे कोणी बोललंच नाहीये. त्यात आधीच्या विषयांची अट असते, डेटा स्ट्रक्चर्स (प्रोग्रॅममध्ये माहिती कशी मांडायची तो विषय) राहिलं की पुढचं जवळपास सगळंच अडतं, आणि डिस्क्रीट मॅथ्स (तर्क, संच, मोजणी असलं गणित) नसेल तर अल्गोरिदम्सला बसू देतीलच असं नाही. मॅथ्स नंतर बघू म्हणून ढकललं की नेमका विषय येतो त्या वर्षी आपण पात्रच नसतो, मग थांबा वर्षभर किंवा दुसऱ्या कॉलेजात तो विषय करून त्याचं क्रेडिट आणा (तेही विभागाने मान्य केले तर). नुसती विषयांची यादी बघून काय कळणार, कुठला विषय कधी असतो ते ॲडमिशनआधीच विचारा.