डिसोनन्स : विवादी म्हणावं की विसंवादी?

प्रश्न : पाश्चात्त्य हार्मनीवर मराठीत लिहिताना डिसोनन्सला 'विवादी' चालेल का? आणि अपोज्यातुराला (मुख्य स्वराआधी येऊन त्यावर टेकणाऱ्या सजावटीच्या स्वराला) 'कण'?

– विवादी नको. केदार रागात कोमल निषाद विवादी (रागाच्या नियमात न बसणारा स्वर) म्हणून अलगद लावतात, तेव्हा प्रश्न रागाच्या नियमाचा असतो. डिसोनन्स म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या दोन स्वरांचं न पटणं. 'विसंवाद' लिहा.

– पण नाट्यशास्त्रात अंतरच मोजलंय की! 9 किंवा 13 श्रुतींवर (श्रुती म्हणजे स्वरांमधलं सूक्ष्म अंतर) संवादी, म्हणजे जुळणारा; 2 श्रुतींवर विवादी.

– मोजलंय खरं, पण हिशेब जुळत नाही. सा-म हे 9 श्रुतींचं अंतर आपल्याकडे संवादी. दोन आवाजांच्या काउंटरपॉइंटमध्ये (एकाच वेळी चालणाऱ्या स्वतंत्र चालींच्या रचनेत) मात्र खालच्या आवाजापासूनचा शुद्ध चौथा, म्हणजे हेच सा-म अंतर, विसंवादीच धरतात. 4-3 सस्पेन्शन (आधीचा स्वर लांबवून चौथ्याचा विसंवाद घडवायचा, मग तिसऱ्यावर उतरायचं) त्यावरच उभं आहे. सा = सी (C) धरा. खाली सा, वर सा : ही तयारी, हलक्या मात्रेवर. जोरकस मात्रेवर खालचा आवाज प वर जातो, वरचा सा धरूनच ठेवतो. प-सा हा चौथा. मग वरचा एक पायरी उतरून नि वर येतो, तिसरा जुळतो. चार आवाजांत नेहमीची चूक अशी : सा अडवलेला असतानाच अल्टो (वरून दुसरा आवाज) नि गाऊन मोकळा होतो. सुटकेत काही उरतच नाही, शिवाय लीडिंग टोन (सा कडे ओढणारा नि) दुप्पट होतो.

– यात भर : 7-6 सस्पेन्शनची (सातव्यावरून सहाव्यावर) साखळी खुशाल लावा, 9-8 ची (नवव्यावरून आठव्यावर) नको. सस्पेन्शन काढून पाहा. पहिलीत समांतर षष्ठ (सहावे) उरतात, ते चालतात; दुसरीत समांतर अष्टक (आठवे), ते वर्ज्य. लांबवल्याने ते लपत नाहीत.

– आता अपोज्यातुरा. 'कण' अजिबात नको. कण मुख्य स्वराला स्पर्श करून जातो, भातखंडे लिपीत तो डोक्यावर बारीक लिहितात. लांब अपोज्यातुरा मात्र जोरावर बसतो आणि वेळ खातो : जर्मन संगीतकार सी. पी. ई. बाख (1753) यांच्या नियमाने पुढच्या स्वराचा अर्धा, टिंबवाला (दीडपट लांबीचा) असेल तर दोन तृतीयांश. म्हणजे तीन मात्रांच्या स्वरातल्या दोन याच्या, मूळ स्वराला एक. कणासारखा उडवला तर विसंवाद ऐकूच येत नाही. कण म्हणायचंच तर तिरकी रेघ मारलेल्या आच्याकातुराला (झटकन उडवायच्या छोट्या स्वराला) म्हणा.

– आणि पासिंग नोटला (दोन स्वरांना जोडणाऱ्या मधल्या स्वराला) 'मींड' (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) लिहिलेलं दिसतं, तेही खोडा. ग-रे-सा मधला रे सुटा, स्वतःच्या मात्रेवर वाजतो, घसीट नसते.