मदत हवी आहे: 'नेपोलियन'चा तीन पडद्यांचा शेवट कसा दाखवावा?

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या छोट्या सभागृहात आबेल गान्सचा मूकपट 'नेपोलियन' (१९२७) दाखवायचा आहे. फ्रेंच राज्यक्रांतीची उलथापालथ इतकी अंगावर येणारी मी दुसरीकडे पाहिलेली नाही. एकीकडे प्रतिनिधी सभेतला गदारोळ, दुसरीकडे वादळात सापडलेली नेपोलियनची होडी, आणि कॅमेरा सभेवरही लाटेसारखा हिंदकळतो!

अडचण शेवटाची आहे. इटलीच्या मोहिमेत गान्स तीन पडदे शेजारी-शेजारी वापरतो. आमच्या एका प्रोजेक्टरवर त्याची अर्ध्याहून कमी उंचीची पट्टी होते, सगळा भव्यपणाच जातो. तीन प्रोजेक्टर एका तालात चालवण्याचा कुणाला अनुभव आहे का? की रुंद कापड ताणून एकच प्रोजेक्टर मागे न्यावा? आणि साडेपाच तासांच्या आवृत्तीला मध्यंतरं किती ठेवावीत?