मदत हवी आहे: 'फक्त शाकाहारी भारतीय कुटुंब' अशी जाहिरात टाकता येते का? (न्यू जर्सी)

एडिसनकर: नमस्कार मंडळी. रिअल इस्टेट सेल्सपर्सनचं लायसन्स नवीन आहे. दोन कुटुंबांचं घर, वर मालक राहतात, खालचा मजला भाड्याने. मालकांचा मेसेज: "आपलीच शाकाहारी माणसं बघा, मुलं नकोत, सेक्शन ८ नको" (म्हणजे सरकारी भाडे-मदतीचं व्हाउचर असलेला भाडेकरू नको). व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच टाकू का? मालक तिथेच राहतात म्हणजे सूट असते ना?

जुना_ब्रोकर: टाकू नका. १९६८ च्या फेअर हाउसिंग कायद्यात (घर देताना भेदभावाला बंदी करणारा केंद्राचा कायदा) मालक राहत असलेल्या, चारपर्यंत बिऱ्हाडांच्या घराला सूट आहे, पण ती भाडेकरू निवडण्यापुरती. जाहिरातीला नाही, आणि ग्रुपवरचा मेसेज ही जाहिरातच. त्यातून वंशाच्या बाबतीत १८६६ चा नागरी हक्क कायदा लागतो, त्यात सूटच नाही. म्हणजे 'भारतीयच' हे दोन्हीकडून अडकतं. 'मुलं नकोत' १९८८ पासून फेअर हाउसिंग कायद्यातल्या बंदी असलेल्या कारणांच्या यादीत आहे, गरोदर बाईही त्यातच येते. शाकाहार स्वतः यादीत नाही, पण तो शब्द धर्म किंवा मूळ देश चाळायला वापरला की तक्रार त्याच नावाने होते. मजकुरात घर लिहा, माणूस नको: दोन बेडरूम, भाडं, धूम्रपान नाही, मेट्रोपार्क स्टेशन किती मैल.

कागदपत्रवाला: सेक्शन ८ बद्दल. न्यू जर्सीत भाड्याचे पैसे कुठून येतात यावरून नकार देणं बेकायदा आहे. मालक राहत असलेल्या दोन बिऱ्हाडांच्या घराला राज्याच्या कायद्यात सूट आहे, पण जाहिरातीला नाही, म्हणून 'सेक्शन ८ नको' लिहू नका. मालक राहत नसलेल्या घरांत घोळ उत्पन्नाच्या अटीत होतो. भाडं २,००० डॉलर, व्हाउचर १,५०० देतं, तर 'महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं' ही अट भाडेकरूच्या वाट्याच्या ५०० वर मोजायचं: १,५००, ६,००० नव्हे.

एडिसनकर: आणि गिऱ्हाईकच विचारतं, "आपले लोक कुठे जास्त आहेत?" तेव्हा?

जुना_ब्रोकर: उत्तर दिलंत की ते स्टिअरिंग, म्हणजे वंश-धर्म बघून गिऱ्हाईकाला ठरावीक वस्तीकडे वळवणं, आणि ते बेकायदा आहे. गिऱ्हाईक आपलं आहे म्हणून चालत नाही. बजेट, बेडरूम, प्रवासाचा वेळ विचारा, त्यात बसणारी सगळी गावं दाखवा. शाळेसाठी डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटची लिंक द्या, 'चांगली शाळा' हे आपण म्हणायचं नाही. कुणाला कोणत्या तारखेला कोणती घरं पाठवली याची वही ठेवा. गिऱ्हाईक म्हणून टेस्टरही (भेदभाव होतो का हे तपासायला आलेली माणसं) येतात, आणि खोटी माहिती मिळालेला टेस्टर स्वतः दावा लावू शकतो, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच ठरवलंय.

कागदपत्रवाला: मालकांना आजच ईमेल करा की या अटी घेऊन काम करता येणार नाही. फोनवर सांगितलेलं नंतर कुणाला आठवत नाही. आणि प्रत तुमच्या ब्रोकरला, कारण तुमच्या चुकीसाठी कंपनीवरही दावा होतो. ऐकत नसतील तर लिस्टिंग सोडा.