तालमीत लाईट एकदम फुल्ल केले की एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो, आणि अँपची (अ‍ॅम्प्लिफायरची) अर्थिंगची पिन काढून टाकली तर चालेल का?

विंगेतला_बाळ्या
नमस्कार मंडळी. आमचा छोटा ग्रुप आहे, तालमी सध्या माझ्याच घरी हॉलमध्ये चालतात. ४ पार लाईट (डब्याच्या आकाराचे स्टेजचे दिवे) आहेत, प्रत्येकी १००० वॉट, हॅलोजनवाले, आणि चार चॅनलचा एक डिमर (उजेड कमी-जास्त करणारं यंत्र). डिमर हॉलमधल्या १६ अँपिअरच्या सॉकेटला लावलाय, त्या लाईनवर १६ चाच एमसीबी आहे, त्यावर बी१६ लिहिलंय. आता गंमत अशी की फेडर (डिमरची सरकपट्टी) हळूहळू वर नेला तर चारही फुल्ल करून अर्धा तास ठेवले तरी काही होत नाही, पण ब्लॅकआऊटमधून एकदम फुल्लचा क्यू (ठरलेल्या क्षणी लाईट बदलणं) दिला की खटकन एमसीबी खाली. नाटकात असे दोन क्यू आहेत, नेमके महत्त्वाचे.

दुसरी भानगड साऊंडची. लॅपटॉप, मिक्सर, अँप, दोन स्पीकर. स्पीकरमधून सतत गूंऽऽ असा आवाज येतो आणि लाईट अर्धवट डिम असले की त्यात वर झर्रर्र असा आणखी एक आवाज मिसळतो. ग्रुपमधल्या एकाने अँपच्या तीन पिनी प्लगला दोन पिनीचा अ‍ॅडॉप्टर लावून दिला, म्हणजे अर्थिंग गायब, आणि गूं पूर्ण थांबली. मला बरं वाटलं पण मनात खुटखुटतंय. हे असं चालवलं तर चालेल का? प्रयोगाला पण हेच करावं का?

वायरवाला_काका
बाळ्या, आधी तो अ‍ॅडॉप्टर काढ. बाकी सगळं नंतर वाच.

अँपचा पत्र्याचा डबा अर्थिंगला जोडलेला असतो तो कशासाठी, तर आत एखादी वायर सुटून डब्याला टेकली तर करंट अर्थिंगमधून जावा आणि एमसीबी किंवा आरसीसीबी (करंट बाहेर गळला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडावा. अर्थिंग काढली की डबा २३० व्होल्टवर बसून राहतो आणि काहीच पडत नाही, कुणाला कळतही नाही. आता अँपचा डबा ऑडिओ केबलच्या जाळीतून (आतल्या वायरीभोवतीचं बारीक तारांचं आवरण) मिक्सरला जोडलेला, मिक्सर माईकच्या केबलमधून माईकच्या धातूच्या बॉडीला जोडलेला. म्हणजे अँपमधला दोष थेट नटाच्या हातात. त्याने एका हातात माईक धरून दुसरा हात लाईटच्या स्टँडला लावला, आणि स्टँड अर्थ असतोच, की करंट छातीतून आरपार. समजा मिक्सरला अर्थिंग आहे म्हणून वाचला, तरी सगळा फॉल्ट करंट त्या केसासारख्या बारीक जाळीतून जाणार, ती जळणार. गूं थांबली म्हणून अर्थिंग काढायची नाही, तालमीत नाही, प्रयोगाला नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही. मी हे इतकं ताणून सांगतोय कारण माझ्याच समोर एका गायकाचा ओठ माईकला चिकटल्यासारखा झाला होता, तिथेही कुणीतरी "आवाज जातो" म्हणून पिन काढली होती. तो वाचला, पण तो आवाज मी विसरलो नाही.

घराच्या डीबीमध्ये (एमसीबी बसवलेल्या पेटीत) ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघून सांग, आणि असला तर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघ.

डिमरताई
काकांना पूर्ण अनुमोदन. मी लाईटचं सांगते.

थंड फिलॅमेंटचा रेझिस्टन्स खूप कमी असतो. पेटलेल्या १००० वॉटच्या दिव्याचा साधारण ५३ ओहम, आणि तोच थंड असताना मीटर लावून मोजलास तर ४-५ ओहम दिसेल. चार थंड दिवे एकदम फुल्ल म्हणजे पहिल्या क्षणाला दीडशे अँपिअरच्या वर खेच. बी टाईपचा एमसीबी रेटिंगच्या ३ ते ५ पटीला झटक्यात पडतो, म्हणजे तुझा ४८ ते ८० अँपिअरमध्येच. हळू फेड केलास की फिलॅमेंट गरम होत जातं, म्हणून पडत नाही. त्यावर उपाय प्रिहीट. ब्लॅकआऊटमध्ये फेडर शून्यावर न ठेवता इतका वर ठेव की फिलॅमेंट जेमतेम तांबूस दिसेल आणि स्टेजवर उजेड पडणार नाही, ५ ते १० टक्क्यांत जमतं. क्यू पण झटक्यात न देता अर्ध्या सेकंदाचा दे, प्रेक्षकाला तो एकदमच वाटतो.

पण मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. ४००० वॉट भागिले २३० म्हणजे १७.४ अँपिअर. सॉकेट १६ चं. एवढ्याशा ओव्हरलोडला एमसीबी तासभरही पडत नाही, तो तसाच बनवलेला असतो, पण सॉकेट आणि प्लग मात्र तेवढा वेळ तापत राहतात. तालीम संपल्यावर लाईट बंद करून प्लग काढ आणि पिनांच्या बाजूचं प्लास्टिक हाताला किती गरम लागतं बघ. पिवळं पडलंय का, जळका वास येतोय का.

गुपचूप_वाचक
एमसीबी बदलून ३२ चा टाका ना, विषय संपला. आमच्याकडे तसंच केलंय.

वायरवाला_काका
अहो नका हो असं सांगू. एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो, दिव्यांसाठी नाही. आत २.५ चौरस मिमीची वायर असेल आणि पुढे १६ चं सॉकेट, तर ३२ चा एमसीबी निवांत बसून राहील आणि वायर भिंतीत तापेल. तुमच्याकडे केलंय ते पण एकदा तपासून घ्या, खरंच सांगतो. हां, बी१६ च्या जागी सी१६ हा वेगळा विषय आहे, तो ५ ते १० पटीला पडतो, पण तो चालेल की नाही हे वायरमनने लूप (फेजपासून अर्थिंगपर्यंतच्या पूर्ण मार्गाचा रेझिस्टन्स) मोजून ठरवायचं.

बाळ्या, दोन लाईट दुसऱ्या सर्किटवर घे. दुसरं सॉकेट म्हणजे दुसरं सर्किट असं धरू नकोस, हॉलचा एमसीबी पाडून बघ कुठली कुठली सॉकेट मरतात. आणि डिमरची मेन केबल एकच असेल तर ती दोन ठिकाणी जोडायचा जुगाड अजिबात नाही, दुसऱ्या सर्किटसाठी वेगळा छोटा डिमर घे. एक्स्टेन्शन रीळवाला असेल तर पूर्ण उलगडून टाक, गुंडाळलेली केबल आतल्या आत तापते.

साऊंडचा_पक्या
गूं आणि झर्र हे दोन वेगळे आजार आहेत. लाईट बंद असतानाही जी गूं आहे तो ग्राऊंड लूप, म्हणजे दोन यंत्रं अर्थिंगमधून आणि ऑडिओ केबलमधून अशी दोनदा जोडली जाऊन झालेलं वेटोळं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालव. गूं गेली तर लॅपटॉपच्या लाईनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राऊंड लिफ्टवाला (जाळी तोडायचं बटण असलेला) डीआय बॉक्स, म्हणजे लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे लावायची छोटी डबी, टाकायचा. तिथे तुटते ती सिग्नलच्या जाळीची जोडणी, मेनची अर्थिंग नाही, फरक लक्षात घे. मिक्सर, अँप, लॅपटॉप तिघं एकाच बोर्डावर घे.

झर्र आवाज डिमरचा. डिमर प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये व्होल्टेज अचानक सोडतो, फेडर मध्यावर असताना तो ३२५ व्होल्टच्या टोकाजवळ सोडतो म्हणून तिथे सगळ्यात जास्त झर्र. दिव्यांच्या केबली आणि ऑडिओच्या केबली शेजारून नेल्या असतील तर लांब कर, ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांड. मिक्सर ते अँप बॅलन्स्ड केबल (सिग्नलच्या दोन वायरी आणि वर जाळी असलेली) वापर.

विंगेतला_बाळ्या
मंडळी, अ‍ॅडॉप्टर त्याच रात्री काढला, तोडून टाकला म्हणजे परत कुणी लावणार नाही. चार्जर काढल्याबरोबर गूं बंद! इतके दिवस आम्ही अँपला दोष देत होतो. ऑडिओची केबल लाईटच्या केबलसोबत टेपने एकत्र बांधली होती, मीच नीटनेटकं दिसावं म्हणून बांधली होती, ती सोडून भिंतीच्या दुसऱ्या बाजूने नेली, झर्र बरीच कमी झाली, पूर्ण नाही गेली.

आज वायरमन बोलावला. सॉकेट उघडलं तर फेजचा स्क्रू ढिला आणि त्या वायरचं लाल इन्सुलेशन बोटभर तपकिरी, नखाने खरवडलं तर तुकडे पडले. हात लावून बघितलं तेव्हा बाहेरून फक्त कोमट लागत होतं. वायर मागे कापून नवीन सॉकेट बसवलं. आरसीसीबी आहे, टेस्ट बटणाला पडला. दोन लाईट आता स्वयंपाकघराच्या लाईनवर, वेगळ्या डिमरने.

प्रिहीट ७ टक्क्यांवर ठेवून सहा वेळा तो क्यू दिला, एकदाही पडला नाही. फक्त एका पारचा तांबूस उजेड मागच्या पांढऱ्या पडद्यावर दिसतोय, तो ५ वर आणून बघतो.

डिमरताई
५ वर पण दिसला तर तो पार थोडा खाली झुकव, पडद्यावरून निघेल. आणि फिरवताना आधी बंद करून गार होऊ दे, डबा चांगलाच भाजतो.