फोन पोरीच्या हातात कसा आला? – मुलींची शाळा आणि तंत्रज्ञान (अनुभव)

रणजितसिंह डिसले २००९ मध्ये परितेवाडीच्या (ता. माढा, जि. सोलापूर) जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले तेव्हा शाळेच्या एका बाजूला गोठा होता. डिसेंबर २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी पाठ्यपुस्तकात आणलेल्या क्यूआर कोडची बातमी सगळीकडे झाली. पण कोड छापला तरी तो उघडायचा फोन घरात मुलीला मिळतो का? तुमच्या मुख्याध्यापकांनी यासाठी काही केलं असेल तर सविस्तर लिहा.

निवृत्त मुख्याध्यापिका, बीड जिल्हा
दिवाळी झाली की आमची निम्मी शाळा ऊसतोडीला साखर कारखान्यावर. मुलगे कधीकधी आजीपाशी राहायचे, मुलीला मात्र आई न्यायचीच. कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्याला सांभाळायला कोण? २०१८ साली लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आणला, नारळ फोडला. नोव्हेंबरात पडदा लावला तर मुलींच्या रांगेत तिघीच. फार वाईट वाटलं. मग धड्यांचे व्हिडिओ मेमरी कार्डात भरून दिले, कारण उसाच्या फडात रेंज नसते. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, बारापैकी नऊ कार्डं गाणी भरून परत आली. चूक माझीच. मी वडिलांशी बोलले होते, आईशी नाही.

पुढच्या वर्षी ट्रक निघायच्या आदल्या रात्री एकेका आईला भेटले. जेवणं झाल्यावर अर्धा तास फोन पोरीला द्यायचा, एवढंच मागितलं. दर रविवारी फोन करायचे, "बाई बोलतेय, तिच्याकडे द्या." बाईंना कुणी नाही म्हणत नसे. त्या वर्षी सातवीच्या चौघी परत येऊन वर्गाबरोबर बसल्या. त्यांच्यातल्या पाचव्या मुलीचं तिकडेच लग्न उरकलं होतं. तिचं कार्ड अजून माझ्या कपाटात आहे.

माजी विद्यार्थिनी, लातूर
बाई, वाचून रडू आलं. २०२० मध्ये मी नववीत होते. घरात एकच फोन, तो दादाकडे. दोघांचे ऑनलाइन तास एकाच वेळी असायचे, त्यामुळे मला फोन मिळायचाच नाही. आमच्या हेडसरांनी मुलींचे तास रात्री आठला ठेवले आणि तोंडाला रुमाल बांधून दारात उभं राहून आजीला ते सांगून गेले. त्यानंतर आठला आजीच दादाकडून फोन मागून घ्यायची. आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

शिक्षिका, कन्याशाळा
आमच्याकडे संगणक होते, पण बिघडतील म्हणून कुलूप. नव्या मुख्याध्यापिका बाईंनी आल्या आल्या किल्ली नववीच्या मुलींकडे दिली, वहीवर सही करून. वर्षभरात दोन माऊस तुटले. माझ्या मते स्वस्तात पडलं.

आई, सांगली
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मुलीचा फोटो कुणीतरी बदलून पसरवला. घरात पहिलं वाक्य निघालं, "फोन काढून घ्या, शाळा बंद करा." मीही तेच म्हणणार होते. तिने आधी मुख्याध्यापिकांना सांगितलं होतं, म्हणून वाचली. त्या घरी आल्या, तिच्या वडिलांना म्हणाल्या, "गुन्हा त्याचा, शिक्षा हिला का?" १९३० या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर फोन लावून तक्रार कशी करायची ते तिथेच दाखवलं. पुढच्या शनिवारी त्यांनी आम्हा आयांना शाळेत बोलावलं. फोन कसा लॉक करायचा, फोटो कुणाला दिसतो, हे मी चाळिसाव्या वर्षी शिकले. शाळा सुटली नाही. १९३० हा आकडा मुलीने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलाय, मैत्रिणींच्या वह्यांवरही.