रिकव्हरी लेटर म्हणजे पळवाट नव्हे (अमेरिका, कॅनडा आणि परतीचा प्रवास: जानेवारी २०२२ मधले नियम)

सदाफुली | १२ जानेवारी २०२२, सकाळी ९:४०

परवा 'घाटमाथा' यांनी अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांच्या चर्चेच्या धाग्यावर लिहिलं: "कोविड होऊन गेलेल्यांनी निगेटिव्ह येईपर्यंत दर चार दिवसांनी आरटीपीसीआर करत राहावी. डॉक्टरचं पत्र घेऊन विमानात बसणं ही शुद्ध पळवाट आहे." त्याला भराभर अनुमोदनं आली. त्यावर विसंबून लोक तिकिटं रद्द करायला निघालेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सीडीसी या अमेरिकी आरोग्य संस्थेचा, विमानाने अमेरिकेत येणाऱ्यांसाठीचा आदेश २६ जानेवारी २०२१ पासून लागू आहे आणि त्यात पहिल्या दिवसापासून दोन पर्याय आहेत. एक, निगेटिव्ह चाचणी. दोन, विमान सुटण्याआधीच्या ९० दिवसांतला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि सोबत परवानाधारक डॉक्टरचं किंवा सार्वजनिक आरोग्य अधिकाऱ्याचं 'प्रवासास हरकत नाही' असं पत्र, म्हणजेच रिकव्हरी लेटर. ६ डिसेंबरला निगेटिव्ह चाचणीची मुदत तीन दिवसांवरून एक दिवसावर आणली, पण दुसरा पर्याय तसाच ठेवला. जो मार्ग खुद्द नियमातच लिहून दिलाय, त्याला पळवाट म्हणायचं कारण काय?

हा मार्ग ठेवावा लागला, कारण आरटीपीसीआरला विषाणू जिवंत आहे की मेलेला हे कळत नाही. बरं झाल्यावरही विषाणूच्या आरएनएचे (जनुकीय द्रव्याचे) तुकडे नाकातून तीन महिन्यांपर्यंत निघू शकतात. त्या काळात दर चार दिवसांनी स्वॅब देणं म्हणजे पैसे घालवून स्वतःला अडकवून घेणं. आयसीएमआर या आपल्या वैद्यकीय संशोधन संस्थेनेही ४ मे २०२१ च्या सल्लापत्रकात स्पष्ट म्हटलंय की एकदा पॉझिटिव्ह आलेल्याची पुन्हा आरटीपीसीआर करू नये.

घाटमाथा | १२ जानेवारी, सकाळी ११:१५

मे महिन्यातलं पत्रक दाखवताय, मग परवाचं, १० जानेवारीचंही वाचा. कोणाची चाचणी करावी या यादीत 'आंतरराष्ट्रीय प्रवास करणारे' असं साफ लिहिलंय.

आणि कागदावरचा नियम मलाही ठाऊक आहे. माझा आक्षेप पत्र मिळतं कसं याला आहे. रुग्ण न बघता, फोनवर, सहाव्या दिवशी पत्रं दिली जातायत. केंद्राने ५ जानेवारीला गृहविलगीकरण सात दिवसांवर आणलं, अमेरिकेने त्याआधीच लक्षणं नसतील तर पाच दिवसांवर आणून पुढचे पाच दिवस मास्क सांगितला. याचा अर्थ लोकांनी 'आठव्या दिवशी विमान' असा लावलाय. पंधरा-सोळा तास बंद केबिन, दोनदा जेवण, म्हणजे दोनदा मास्क खाली. शेजारच्या सीटवर केमोथेरपी चालू असलेला माणूस असू शकतो. त्याचा विचार कोणी करायचा?

स्वॅबवाला | १२ जानेवारी, दुपारी १:०५

सदाफुलीताईंचं विज्ञान बरोबर आहे. मुद्दा सीटी व्हॅल्यूने समजून घ्या, म्हणजे विषाणू दिसेपर्यंत चाचणीच्या किती सायकल लागल्या तो आकडा. आकडा मोठा तितका विषाणू कमी. प्रत्येक सायकलला माल दुप्पट होतो. म्हणजे सीटी २० आणि सीटी ३३ यांत तेरा दुपटींचा, साधारण आठ हजार पटींचा फरक. आपल्याकडे सीमा ३५ ची आहे, त्यामुळे बरा झालेला माणूस ३३ वर आला तरी रिपोर्टवर पॉझिटिव्हच छापलं जातं. विमान कंपनीच्या काउंटरवर सीटीचा आकडा दाखवून काही होत नाही. तिथे फक्त 'निगेटिव्ह' किंवा 'नॉट डिटेक्टेड' हे शब्द बघतात.

आता घाटमाथांना माझा प्रश्न. दर चार दिवसांनी स्वॅब दिलात आणि पुन्हा पॉझिटिव्ह आलात, तर आयसीएमआर पोर्टलवर नवी नोंद होते. मुंबईत वॉर्ड वॉर रूमचा फोन येतो, विलगीकरणाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला सांगतात आणि तुमच्या नावावर दोन पॉझिटिव्ह तारखा पडतात. मग पत्र देणारा डॉक्टर कोणती धरणार? जुना रिपोर्ट हाताशी असेल, तर आरटीपीसीआरच्या वाटेला जाऊच नका.

घाटमाथा | १२ जानेवारी, दुपारी १:३०

दोन तारखा पडतात हे मान्य. दर चार दिवसांनी हे माझं वाक्य मागे घेतो. पत्राबद्दलचं घेत नाही.

तिकीटखिडकी | १२ जानेवारी, दुपारी ३:२०

पत्र चालतं, पण नीट लिहिलेलं असेल तरच. लेटरहेड हवं, त्यावर डॉक्टरचं नाव, पत्ता, फोन. सही आणि तारीख. प्रवाशाचं नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणे. मजकुरात 'विलगीकरण संपवण्याचे निकष पूर्ण, प्रवासास योग्य' हे स्पष्ट. 'पेशंट इज फिट' एवढ्या एका ओळीवर काउंटरवाले अडवतात आणि त्यांचं चूक नसतं. प्रवाशाने भरायचा अटेस्टेशन (स्वघोषणा) फॉर्म वेगळा, तोही भरून ठेवा.

पॉझिटिव्ह रिपोर्टवर तर आणखी बारीक नजर हवी. अमेरिकेला पॉझिटिव्ह अँटिजेनही चालते, पण रिपोर्ट लॅबचा किंवा दवाखान्याचा पाहिजे. अडीचशे रुपयांच्या किटवर घरी दोन रेघा आल्या आणि लोक त्यावरच थांबले, लॅबमध्ये गेलेच नाहीत. त्यांच्याकडे बरं झाल्याचा पुरावाच नाही. त्या किटचा फोटो कोणी धरत नाही. अँटीबॉडी टेस्टही चालत नाही. तीन महिन्यांत परदेशी जायची शक्यता असेल, तर घरचं किट पॉझिटिव्ह येताच त्याच दिवशी लॅबला आरटीपीसीआरसाठी स्वॅब द्या. आठ दिवसांनी जाग आली तर ती संधी गेलेली असू शकते.

माहेरवाशीण | १२ जानेवारी, संध्याकाळी ५:१०

नाव पासपोर्टप्रमाणे, हे लिहायला सोपं आहे हो! स्वॅब घेणारा मुलगा दारात उभा राहून विचारतो "काकू नाव?" आणि मोबाइलमध्ये टाइप करतो 'सौ. सुनीता आर. जोशी'. पासपोर्टवर आडनाव जोशी आणि नावाच्या रकान्यात 'सुनीता रमेश'. कोविनवर आधारचं नाव, 'सुनीता रमेश जोशी' असं सलग. तीन कागद, तीन बायका. पुरुषांचं नाव जन्मापासून एकच राहतं. बायकांचं लग्नात बदलतं, कधी पासपोर्टवर माहेरचंच राहतं, त्यात पुढे 'सौ.' किंवा 'श्रीमती' चिकटतं. हा घोळ कोविडने घातलेला नाही, पण कोविडमध्ये त्यापायी लोकांची विमानं चुकतायत.

स्वॅबवाला | १२ जानेवारी, संध्याकाळी ५:४५

ताई, तक्रार शंभर टक्के खरी. यावर उपाय एकच: स्वॅब देण्याआधी पासपोर्टचं पहिलं पान त्या मुलाच्या हातात द्या आणि एसआरएफ (नमुन्याच्या नोंदीचा) फॉर्म भरताना स्क्रीन स्वतः वाचा. 'सौ.' काढायला लावा. पासपोर्ट नंबर टाकायलाच सांगा, कारण आपल्या बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर जन्मतारीख नसते, नुसतं '६२ वर्षे/स्त्री' असतं. अमेरिकेला नावाबरोबर आणखी एक ओळख लागते, जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर. वय म्हणजे ओळख नाही.

रिपोर्ट आल्यावर दुरुस्ती करायची झाली तर मूळ नोंदीतच करून घ्या. नाहीतर लॅब नवीन पीडीएफ पाठवते, त्यावर नाव बरोबर दिसतं, पण क्यूआर कोड स्कॅन केला की जुनंच नाव उघडतं. असा कागद चुकीच्या नावापेक्षा घातक, कारण तो बनावट वाटतो. सुधारित रिपोर्ट हातात आला की आधी स्वतःच्या फोनने कोड उघडून बघा.

बोरीबंदर | १२ जानेवारी, रात्री ८:००

नावांवर चाललंच आहे तर तारखेवरही बोला. रिपोर्टवर ०५/०१/२०२२ छापलेलं असतं. आपल्याला ते ५ जानेवारी, अमेरिकन माणसाला १ मे. पत्रात डॉक्टरांकडून महिना अक्षरात लिहून घ्या. शिवाय रिपोर्टवर तीन तारखा असतात: नमुना घेतल्याची, लॅबला मिळाल्याची, रिपोर्ट दिल्याची. दिवस मोजायचे ते नमुना घेतल्याच्या तारखेपासून. ५ जानेवारीचा नमुना असेल तर ९० दिवस ५ एप्रिलला भरतात.

माहेरवाशीण | १२ जानेवारी, रात्री ८:२५

तारीख अक्षरात लिहून भागतं. नावाचं तसं नाही. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे आणि सगळं नाव एकाच रकान्यात आहे, त्यांचं काय? तिकिटावर एक, पासपोर्टवर दुसरं, रिपोर्टवर तिसरं.

तिकीटखिडकी | १२ जानेवारी, रात्री ९:१०

रकाना कोरा असेल तर कोरोना असो-नसो, पासपोर्टच आधी दुरुस्त करून घ्या. वेळ नसेल तर सगळे कागद निदान एकमेकांशी जुळवा. पासपोर्टवर आहे तोच क्रम, तेच स्पेलिंग, एकही अक्षर इकडेतिकडे नको. कोविनवर नाव दुरुस्त करता येतं आणि पासपोर्ट नंबरही जोडता येतो. दुरुस्तीची संधी एकदाच मिळते, म्हणून घाईत करू नका.

मुक्काम_एडिसन | १३ जानेवारी, पहाटे ४:३०

दिवसभर नावांवर चर्चा झाली, पण परतीचं कोणी बोलत नाही. जाताना पत्र चालेल. भारतात येताना काय? सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवर ७२ तासांच्या आतली निगेटिव्ह आरटीपीसीआर अपलोड करावी लागते. अँटिजेन नाही, रिकव्हरी लेटर नाही, सूटच नाही. म्हणजे आईवडील इथे अमेरिकेत आले, परतीच्या तीन आठवडे आधी आजारी पडले, बरे झाले, तरी आरटीपीसीआर हट्टाने पॉझिटिव्ह येत राहते आणि ते इथेच अडकतात. परदेशातून आपल्याच घरी येणाऱ्या नागरिकाला हा जाच का? सदाफुलीताईंनी ९० दिवसांचा नियम सांगताना ही अर्धी बाजू लिहायलाच हवी होती.

आय-९४ वरची (अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवरची) तारीख आधी बघा. सहा महिने संपत आले असतील तर ती तारीख उलटण्यापूर्वी आय-५३९ हा अर्ज भरून मुदतवाढ मागा. तारीख उलटल्यावर धावपळ करून उपयोग नाही.

सदाफुली | १३ जानेवारी, सकाळी ८:५०

परतीचं लिहायचं राहिलं, ही चूक माझी. पण ज्या देशाची तज्ज्ञ संस्था 'पुन्हा चाचणी करू नका' म्हणते, तोच देश विमानतळावर तीच चाचणी मागतो, हा अन्याय आहे आणि तो माझ्याच बाजूचा मुद्दा आहे.

घाटमाथा | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

प्रत्येक मुद्दा तुमच्याच बाजूचा! ताई, पत्राच्या भरवशावर लोकांना घराबाहेर काढताय आणि अडकल्यावर सरकारला दोष देताय. पर्यटक व्हिसावाल्यांना अमेरिकेत शिरायला ८ नोव्हेंबरपासून पूर्ण लसीकरण लागतं, त्यातून रिकव्हरीने सुटका होत नाही, हेही तुमच्या लेखात नाही. एक डोस झालेला माणूस आत्ता आजारी पडला, तर आपल्याकडे दुसरा डोस तीन महिने पुढे जातो. त्याच्या हातात कितीही उत्तम पत्र असू दे, विमानात बसता येणार नाही.

सदाफुली | १३ जानेवारी, सकाळी १०:०५

मी भरवशावर काढत नाही, नियम सांगते. तुमच्या एका वाक्यावर लोक तिकिटं रद्द करत होते, ते विसरू नका. लसीचा मुद्दा मात्र बरोबर आहे. ज्यांचा दुसरा डोस राहिलाय त्यांनी तिकीटच काढू नये.

तिकीटखिडकी | १३ जानेवारी, दुपारी १२:१५

भांडण थांबवा, मधला रस्ता आहे. अमेरिकेला निगेटिव्ह अँटिजेन चालते आणि ती आरटीपीसीआरपेक्षा खूप आधी निगेटिव्ह होते. दहा दिवस पूर्ण होऊ द्या, डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवून पत्र घ्या आणि निघण्याच्या आदल्या दिवशी लॅबमध्ये अँटिजेन करा. 'एक दिवस' म्हणजे २४ तास नव्हे, आदला कॅलेंडर दिवस. रात्री बाराच्या थोडं आधी सुटणाऱ्या विमानांना याचा मोठा फायदा. शनिवारी रात्री ११ चं विमान असेल तर शुक्रवारी सकाळी ८ चा नमुनाही चालतो. काउंटरवर आधी निगेटिव्ह द्या, पत्र फायलीत राहू दे.

मध्ये तिसऱ्या देशात विमान बदलायचं असेल तर त्या देशाचा नियम वेगळा पाहा. पहिल्यांदा जाणाऱ्या वयस्करांना शक्यतो थेट विमानच घेऊन द्या.

स्वॅबवाला | १३ जानेवारी, दुपारी १२:४०

आणि अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर?

घाटमाथा | १३ जानेवारी, दुपारी १:००

तर जाऊ नका. पत्र फायलीत असलं तरी जाऊ नका. दहा दिवसांनंतरही अँटिजेनवर रेघ उमटत असेल तर ते आरएनएचे तुकडे नव्हेत, तिथे विषाणूचं प्रथिन भरपूर आहे. एवढं कबूल करणार असाल तर पत्राला माझा विरोध नाही.

सदाफुली | १३ जानेवारी, दुपारी १:२०

कबूल. नियमात बसत असलं तरी मीही जा म्हणणार नाही.

बोरीबंदर | १३ जानेवारी, दुपारी २:१०

कॅनडावाल्यांनी यातलं काही उचलू नका. त्यांना डॉक्टरचं पत्र चालत नाही आणि पॉझिटिव्ह अँटिजेनही नाही. पॉझिटिव्ह रिपोर्ट आरटीपीसीआरसारख्या मॉलिक्युलर चाचणीचाच हवा, १४ ते १८० दिवसांपूर्वीचा. ५ जानेवारीचा नमुना असेल तर १९ जानेवारी ते ४ जुलै. दिल्लीहून थेट जाणाऱ्या निगेटिव्ह माणसाला विमानतळावरच्या ठरलेल्या लॅबची, सुटण्याआधी १८ तासांच्या आतली चाचणी लागते. बरं झालेल्याचं काम जुन्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर होतं.

माहेरवाशीण | १३ जानेवारी, दुपारी २:३०

आणि त्या रिपोर्टवरही 'सौ.' असेल तर आजच लॅबला फोन करा. ४ जुलैची वाट बघू नका.