बेट्टा मासा: खाद्य, पाणी आणि आपले अनुभव

गेल्या आठवड्यात घरी निळा बेट्टा, म्हणजे फायटर मासा, आणला. विक्रेत्याने ‘रोज दोन वेळा चिमूटभर दाणे टाका’ एवढेच सांगितले. माझ्या चिमटीत किती दाणे येतात ते मोजले, तर सव्वीस भरले! ज्यांनी बेट्टा पाळला आहे त्यांनी आपले अनुभव, आणि शक्यतो चुकाही, येथे सविस्तर लिहाव्यात, ही विनंती.

* * *

ते सव्वीस दाणे त्याला चार दिवस पुरतील. आमच्या पहिल्या बेट्टाला घरातला जो तो खायला घालत असे, कारण माणूस दिसताच तो काचेशी येऊन अंग घुसळायचा आणि ती आम्हाला भूक वाटायची. महिन्याभरात त्याचे पोट टम्म फुगले आणि तो एका कुशीवर कलून तरंगू लागला. दोन दिवस काहीच दिले नाही, पाणी २७ अंशांवर ठेवले आणि मग थोडे डॅफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) दिले. तिसऱ्या दिवशी तळाशी विष्ठेची लांब काळपट दोरी दिसली आणि संध्याकाळपर्यंत स्वारी सरळ पोहू लागली. त्याचे जठर साधारण त्याच्या डोळ्याएवढे असते, असे तेव्हा वाचनात आले. आता सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन बारीक दाणे, आठवड्यातून एक दिवस उपास, आणि कोणी खायला घातले याची खूण करण्यासाठी डबीवर कागद. वाटाण्याचा गर देण्याचा सल्लाही मिळाला होता, पण किडे आणि अळ्यांवर जगणाऱ्या माशाला वाटाणा कशासाठी, हे मला अजून उमगलेले नाही.

* * *

माझी चूक पाण्याची होती. बेट्टा पृष्ठभागावर येऊन हवेतूनही श्वास घेतो, म्हणून त्याला वाडगाभर पाणी पुरते या समजुतीवर मी विसंबलो. परंतु विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून होणारा अमोनिया त्या एवढ्याशा पाण्यात झपाट्याने वाढतो, आणि हवेतून श्वास घेता आला म्हणून त्याचे कल्ले आणि त्वचा काही त्यातून सुटत नाहीत. त्यात मी दर रविवारी सगळे पाणी ओतून देऊन खडे घासून काढत असे, म्हणजे अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणूही स्वहस्ते धुऊन टाकत असे. शेपटीची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली, तेव्हा जाग आली. आता वीस लिटरची टाकी, संथ प्रवाहाचा स्पंज फिल्टर आणि आठवड्याला पाव भाग पाणी बदलणे, तेही क्लोरीन घालवून. शेपटी भरून यायला दीड महिना लागला. नव्याने आलेला भाग मात्र पारदर्शक आहे.

* * *

झाकण विसरू नका. खाद्य टाकण्याच्या फटीतून आमचा मासा रात्री बाहेर पडला आणि सकाळी फरशीवर सापडला. याहून अधिक लिहवत नाही.

* * *

आमच्याकडे उलटच तक्रार होती. दाणा तोंडात घ्यायचा, थुंकायचा, पुन्हा घ्यायचा आणि अखेर तळाशी सोडून द्यायचा. मी तीन प्रकारचे खाद्य आणले, पण खरे कारण थर्मामीटरने दाखवले: पाणी २१ अंश होते. हीटर लावून हळूहळू २६ वर आणले, दाणे अर्धा मिनिट भिजवून देऊ लागले, आणि चौथ्या दिवशी त्याने पहिला दाणा गिळला. गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यातून एकदाच देते, कारण त्यांची चटक लागली की दाण्यांकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

* * *

दुसरा नर आणण्याचा मोह कोणाला होत असेल तर आवरावा. थायलंडमध्ये, जिथे २०१९ साली या माशाला राष्ट्रीय जलचर घोषित केले गेले, त्याची पैदास पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी झाली आहे. आमचा तर काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरच कल्ले फुलवून दिवसभर धावून जात असे; मागे काळा कागद लावल्यावर निवळला आणि आठवड्याभरात कोपऱ्यात फेसाचे घरटे बांधून बसला.

* * *

सर्वांचे आभार. आज सकाळी तीन दाणे टाकले. दोन खाल्ले, तिसरा ड्रॉपरने काढून घेतला. पाणी २५ अंश आहे. झाकणाची फट दुपारी जाळीने बुजवतो.